सहा महिने परदेशी निघण्याआधी: दादरचा फ्लॅट, गिरगावची खोली आणि न केलेलं मृत्युपत्र

प्रश्न थोडक्यात असा. यजमानांचं वय ७४, विचारणाऱ्या बाईंचं ६९. दादरला सहकारी सोसायटीत फ्लॅट, तो यजमानांच्या एकट्याच्या नावावर. गिरगावात सासऱ्यांपासून चालत आलेली पागडीची खोली, तिला बराच काळ कुलूप. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी ठाण्यात. ऑक्टोबरमध्ये दोघंही सहा महिन्यांसाठी मुलाकडे निघणार. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. मृत्युपत्र केलेलं नाही, ‘पण सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव दिलं आहे, म्हणजे प्रश्न मिटला ना?’

मिटलेला नाही. उलट तिथूनच सुरू होतो.

नॉमिनी हा ताबा घेणारा विश्वस्त असतो, मालक नसतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर १९८३मध्येच सांगितलं. शेअर्सच्या बाबतीत मधली काही वर्षं गोंधळ होता, तोही डिसेंबर २०२३च्या निकालाने संपला. सोसायटीच्या फ्लॅटसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १५४ब-१३ आहे. त्यानुसार सभासद गेल्यावर नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेतात, खरे वारस ठरेपर्यंत. आज यजमानांचं काही बरंवाईट झालं तर हिंदू वारसा कायद्याने फ्लॅटचे तीन सारखे हिस्से पडतील: पत्नी, मुलगा, मुलगी. यजमानांची आई हयात असेल तर चार. ही आई लोक हमखास विसरतात. चौऱ्याहत्तरीच्या माणसाची आई पंचाण्णव वर्षांची असू शकते आणि ती पहिल्या वर्गातली वारस आहे. वडील त्या वर्गात नाहीत.

आता तुमच्या घरात याचा अर्थ काय होतो ते पाहा. मालकी तिघांची, सोसायटीच्या दप्तरात नाव मुलाचं, मुलगा न्यू जर्सीत, आणि राहणाऱ्या तुम्ही. बिल्डरचा माणूस सहीसाठी मुलाला फोन करणार. मुलगी ‘आईला त्रास नको’ म्हणून दोन वर्षं गप्प बसेल, तिसऱ्या वर्षी वकिलाकडे जाईल. यात कुणी वाईट नसतं, कागद चुकीचा असतो. म्हणून पहिलं काम नॉमिनेशन बदलणं. सोसायटीचा छापील नमुना तीन प्रतींत भरायचा, नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव टाकायचं, कमिटीच्या सभेत त्याची नोंद होऊन एक प्रत शिक्क्यानिशी परत घ्यायची. ‘सेक्रेटरींकडे दिलाय फॉर्म’ याला काही अर्थ नाही. नॉमिनेशन रजिस्टरमध्ये नोंद झालेली डोळ्यांनी बघा. बँकेत १ नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. मुदत ठेवींना टक्केवारीने एकत्र किंवा एकामागून एक, लॉकरला मात्र एकामागून एकच. जुन्या ठेवींच्या पावत्या काढून बघा, १९९८ साली नॉमिनी लिहिलेली सासूबाई अजून तिथेच असते.

दुसरं आणि मोठं काम मृत्युपत्र. दोघांची दोन स्वतंत्र करा. नवरा-बायकोचं एकत्र मृत्युपत्र करायची हौस अनेकांना असते, पण एक जण गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं की नाही यावरच वाद होतात.

कायद्याची अट फार साधी आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३: करणाऱ्याने सही करायची, किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी किंवा ‘ही माझीच सही’ असं करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याच्या समोर सही करावी. स्टँप पेपर लागत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही, साध्या ए-फोर कागदावर चालतं. नोटरीचीही गरज नाही. नोटरीचा लाल शिक्का असलेलं पण एकाच साक्षीदाराचं मृत्युपत्र निकामी असतं आणि वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं, दोन साक्षीदारांचं मृत्युपत्र पूर्ण वैध असतं.

सही करण्याचा दिवस मात्र नीट आखा. टेबलाशी चौघं बसलेले: करणारे यजमान, दोन साक्षीदार, आणि जमलं तर नेहमीचे डॉक्टर. लाभ मिळणारं कुणीही त्या खोलीत नको, तुम्हीसुद्धा स्वयंपाकघरात बसा. प्रत्येक पानाच्या तळाशी यजमानांची सही, शेवटच्या पानावर पूर्ण सही, तारीख आणि ठिकाण. सगळ्यांनी एकाच रंगाचं, शक्यतो निळं, बॉलपेन वापरायचं. छापल्यावर काही खोडलं तर त्या खोडीच्या शेजारी करणाऱ्याची आणि साक्षीदारांची आद्याक्षरं. ती नसतील तर खोडलेला बदल धरला जात नाही, मूळ मजकूरच कायम राहतो. त्याहून बरं म्हणजे पान पुन्हा छापा. पानांना ‘६ पैकी १’ असे क्रमांक द्या. स्टेपल एकदाच मारा. काढून पुन्हा मारलेल्या पिनेची चार भोकं उलटतपासणीत पंधरा मिनिटं खातात. डॉक्टरांनी त्याच तारखेचं, स्वतःच्या लेटरहेडवर, ‘तपासले, भान व समज व्यवस्थित आहे’ असं लिहून द्यावं. आदल्या आठवड्याचं प्रमाणपत्र अर्ध्या किमतीचं.

साक्षीदार कोण? वयाने साठीच्या आतले, मुंबईतच राहणारे आणि पुढे सापडतील असे. पुढे कोर्टात किमान एका साक्षीदाराला उभं राहून सही सिद्ध करावी लागते. पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या ६८व्या कलमात होती, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६७व्या कलमात आहे. मित्रमंडळींतले दोन समवयस्क साक्षीदार घेतले की पंधरा वर्षांनी तिघंही नसतात. लाभार्थी साक्षीदार झाला तर ख्रिस्ती किंवा पारशी कुटुंबात त्याला दिलेली देणगीच रद्द होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला आमंत्रण कशाला द्यायचं?

मजकुरात फ्लॅटचं वर्णन ‘माझी दादरची जागा’ असं नको. इमारतीचं आणि सोसायटीचं नाव, फ्लॅट क्रमांक, मजला, चटई क्षेत्र, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि शेअर्सचे ‘पासून-पर्यंत’ अनुक्रमांक. तुमच्याकडे पुनर्विकास येतोय, म्हणून एक जादा ओळ लागेल, आणि नेमकी हीच विसरली जाते: ‘सदर फ्लॅट अथवा पुनर्विकासानंतर त्याऐवजी मिळणारी जागा, तसेच त्यापोटी मिळणारं भाडं, कॉर्पस व इतर रक्कम.’ ही ओळ नसेल तर जुना फ्लॅट पाडल्यावर ‘जे दिलं ते आता अस्तित्वातच नाही’ असा युक्तिवाद उभा राहतो.

उर्वरित मिळकतीचं कलम घाला: वर न लिहिलेलं जे काही असेल ते अमक्याला. ते नसेल तर विसरलेली पोस्टाची ठेव, डीमॅटमधले दोन शेअर्स, सोन्याची चेन हे सगळं बिनमृत्युपत्राचं धरून पुन्हा तीन हिश्शांत जातं.

आणि तुम्ही दोघं एकाच विमानाने जाताय, म्हणून हे. एकाच अपघातात दोघं गेले आणि आधी कोण गेलं ते कळलं नाही, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे वयाने लहान असलेली व्यक्ती मागे राहिली असं गृहीत धरतात. म्हणजे यजमानांनी मृत्युपत्रात सगळं तुम्हाला दिलं असेल तर कागदावर ते आधी तुमच्याकडे येणार, मग तुमच्या वारसांकडे. मुलं दोघांची असल्याने तुमच्याकडे शेवट जवळपास तोच होतो, पण मूलबाळ नसलेल्या जोडप्यात सगळी मिळकत एका माहेरी किंवा एका सासरी निघून जाऊ शकते. उपाय एका वाक्याचा: ‘माझी पत्नी माझ्या मृत्यूनंतर किमान ३० दिवस हयात राहिल्यासच ही मिळकत तिला मिळेल, अन्यथा माझ्या मुलाला व मुलीला समान.’

तुमच्यासारख्या घरात मला सगळ्यात सुटसुटीत वाटतं ते असं: पूर्ण मालकी पत्नीला, तिच्या पश्चात काय व्हावं ते तिच्या स्वतंत्र मृत्युपत्रात. काही लोक ‘पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क, मालकी मुलांना’ असं लिहितात. दिसायला न्याय्य, पण पुनर्विकासाच्या करारावर मग तीन सह्या लागतात आणि त्यातली एक न्यू जर्सीहून यावी लागते. ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही अशाच घरात तो मार्ग पत्करावा.

मुलाला आणि मुलीला कमी-जास्त द्यायचं असेल तर कारण एका वाक्यात लिहा: ‘मुलाच्या परदेशी शिक्षणाचा खर्च मी केला आहे, म्हणून.’ एवढंच. सुनेबद्दलचा राग, दिवाळीला न आलेला फोन, असलं काही त्यात आलं की मृत्युपत्र रागाच्या भरात केलं असा आरोप करायला हातात साहित्य मिळतं. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून ठाण्याच्या मुलीला नेमा, पर्यायी म्हणून मुलाला. व्यवस्थापकच नेमला नाही तर कोर्टाकडून प्रोबेटऐवजी (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या प्रमाणपत्राऐवजी) व्यवस्थापनपत्र घ्यावं लागतं, जामिनाची कटकट वेगळी.

नोंदणी ऐच्छिक आहे, तरीही करा. मृत्युपत्र कुठल्याही सब-रजिस्ट्रारकडे नोंदवता येतं, फ्लॅट दादरचा म्हणून दादरच्याच कार्यालयात जायला हवं असं नाही. दोघांनी आधार, पॅन, फोटो आणि तेच दोन साक्षीदार घेऊन जायचं, फोटो आणि अंगठे तिथे घेतात. नोंदणीने मृत्युपत्र खरं ठरत नाही, पण ‘ही सही त्यांची नाहीच’ हा आरोप फार लंगडा पडतो. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर कुणी उघडायचा हे मृत्युपत्रात आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये, असा पेच पडतो. मूळ प्रत मुलीच्या कपाटात, झेरॉक्स मुलाला ईमेलने.

प्रोबेटबद्दल विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच, म्हणून. जुन्या ‘प्रेसिडेन्सी’ शहरांचा नियम असा होता की मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मिळकतीबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेतल्याशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नसे. मुलुंडच्या टोलनाक्याच्या अलीकडे प्रोबेट लागे आणि पलीकडे, ठाण्यात, लागत नसे. एकाच वडिलांचे दोन फ्लॅट, दोन न्याय. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने उत्तराधिकार कायद्यातलं ते २१३वं कलम काढून टाकलं. त्यामुळे सक्ती संपली, सोय राहिली. घरात कुणी हरकत घेण्याची शक्यता असेल तर प्रोबेट स्वतःहून घ्यावं, कारण त्याने मृत्युपत्र खरं की खोटं हा मुद्दा एकदाच निकाली निघतो. सोसायट्या आणि बँका सवयीने अजून प्रोबेट मागत राहतील. त्यांना बदललेल्या कायद्याचा संदर्भ लेखी द्या आणि क्षतिपूर्ती बंधपत्र, म्हणजे पुढे नुकसान झालं तर भरून देण्याची हमी, लिहून द्यायची तयारी दाखवा.

आता ज्या वाटेला जाऊ नये अशा दोन गोष्टी.

पहिली, ‘मृत्युपत्राची भानगड कशाला, आत्ताच मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकू.’ महाराष्ट्रात नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना राहती जागा बक्षीस दिली तर मुद्रांक फक्त २०० रुपये, ही बातमी सगळ्यांपर्यंत पोचलेली आहे. मुंबईत त्यावर अधिभार येतो, हे पोचलेलं नसतं. पण खरा मुद्दा पैशांचा नाही. मृत्युपत्र हवं तेव्हा फाडता येतं, बक्षीसपत्र नाही. देऊन टाकलं की तुम्ही मुलाच्या घरात राहता. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातलं कलम २३ आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, प्रांत दर्जाचा अधिकारी असलेलं न्यायाधिकरण परत करू शकतं. पण अट दस्तात असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने सढळपणे लावला, तरी त्या निकालावर म्हातारपण सोपवू नये. द्यायचंच असेल तर अट शब्दशः लिहा: राहणं, जेवण, औषधपाणी, आणि महिन्याची रक्कम.

दुसरी, मुलीकडून आत्ताच ‘मला काही नको’ असं लिहून घेणं. वडील हयात असताना मुलीचा त्यांच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये हक्कच नसतो, असते ती आशा, आणि नुसत्या आशेचं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६(अ)ला मान्य नाही. म्हणजे नोटरीसमोर केलेला तो कागद रद्दी, आणि मुलीचं मन मात्र दुखावलेलं. हक्कसोड करायचं ते वारसा उघडल्यावर, म्हणजे वडील गेल्यावर, नोंदणीकृत दस्ताने.

गिरगावची खोली हा सगळ्यात नाजूक भाग आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलात.

पागडीची खोली मालकीची नसते, भाडेहक्काची असते. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे १९९४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. त्यामुळे ‘गिरगावची खोली मुलीला’ हे वाक्य मृत्युपत्रात लिहिलंत तरी घरमालकावर ते बंधनकारक नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ७(१५)(ड) प्रमाणे भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो, तसा कुणी नसेल तर वारसांपैकी एक, आपसांत जमलं नाही तर कोर्ट ठरवेल तो. तुमच्या बाबतीत तिथे कुणीच राहत नाही.

आणि त्याच कायद्याचं कलम १६(१)(न): जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल तर घरमालकाला ताबा मागता येतो. आधीच कुलूप, वर तुमचा सहा महिन्यांचा प्रवास. पुनर्विकासाची चाहूल लागलेला घरमालक हेच बघत असतो. तेव्हा निघण्यापूर्वी खोली वापरात आणा. मुलीचं कुटुंब किंवा नातू तिथे प्रत्यक्ष राहू लागला तर उत्तम. विजेचं मीटर फिरलं पाहिजे. शून्य युनिटची बिलं कोर्टात फोटोपेक्षा जास्त बोलतात. गॅस, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचा पत्ता यातलं जे खरंखुरं तिथे हलवता येईल ते हलवा. भाडं रोखीने देऊ नका, चेकने किंवा मनीऑर्डरने द्या. घरमालकाने नाकारलं तर परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवा, तो पुरावा असतो. भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर ती यजमानांच्या नावावर करून घेणं हे अमेरिकेच्या तिकिटाआधीचं काम. परक्या माणसाला ‘तात्पुरतं’ ठेवू नका. पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप सहा महिन्यांच्या कुलपापेक्षा वाईट.

आता तुमच्या अनुपस्थितीतली व्यवस्था. लोक ‘जनरल पॉवर’, म्हणजे कुलमुखत्यारपत्र, करून मुलीच्या हाती देतात आणि निर्धास्त होतात. कुलमुखत्यारपत्राबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. देणारा गेला की ते संपतं, म्हणून मृत्युपत्राची जागा ते घेऊ शकत नाही. आणि देणाऱ्याचं भान गेलं तरीही ते संपतं. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज पडते, त्याच दिवशी तो कायद्याने निर्जीव होतो. त्यानंतर नातेवाइकांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. याला कागदी पळवाट नाही. निदान एक बँक खातं दोघांच्या नावाने ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या पद्धतीचं असू द्या, त्यात वर्षभराचा घरखर्च राहील एवढी रक्कम ठेवा.

मुखत्यारपत्र मर्यादित करा, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, आणि ते सब-रजिस्ट्रारसमोर नोंदवा. जागेशी संबंधित दस्तासाठी नोटरी केलेलं घेऊन गेलात तर परत पाठवतात. काय करता येईल ते मोजून लिहा: मेंटेनन्स, मालमत्ता कर, वीजबिल भरणं, सोसायटीशी पत्रव्यवहार, दुरुस्तीसाठी घरात माणूस घेणं. विकणं, गहाण ठेवणं, बक्षीस देणं, रजा व परवाना (लीव्ह अँड लायसन्स) करार करणं हे ‘अधिकार दिलेले नाहीत’ असं स्पष्ट लिहा. मुदत घाला, उदाहरणार्थ १ ऑक्टोबर ते ३० जून. बँका हे मुखत्यारपत्र बघून मान डोलावतात आणि स्वतःचा फॉर्म पुढे करतात, तेव्हा शाखेत जाऊन तोही भरून ठेवा.

हे न करता गेलात आणि तिकडून पाठवायची वेळ आली, तर भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकन, किंवा तिथल्या नोटरीसमोर सही आणि त्यावर न्यू जर्सी राज्याचं अपोस्टिल, म्हणजे तो कागद दुसऱ्या देशात चालावा यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो, नाहीतर दंड. कुरिअरच्या पाकिटावरची तारीख जपून ठेवा.

सोसायटीतल्या मतदानासाठी मुखत्यारपत्र चालत नाही. सोसायटीत एका सभासदाला एक मत, आणि प्रतिनिधीमार्फत मत नाही. पण २०१९च्या दुरुस्तीत सहयोगी सभासदाची व्याख्या दिली आहे: पती-पत्नी, आईवडील, भावंडं, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या-भाचे यांपैकी कुणी, ज्याचं नाव शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाही आणि जो सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने त्याचे हक्क वापरतो. मुलीला सहयोगी सभासद करा. अर्ज, यजमानांचं संमतीपत्र, कमिटीचा ठराव, एवढ्यात काम होतं. महिन्याला एकच कमिटी सभा होत असेल तर अर्ज ऑगस्टमध्येच हवा. यामुळे मुलगी मालक होत नाही, हेही मुलाला आताच सांगून टाका, म्हणजे नंतर फोनवर भांडण नको.

पुनर्विकासाचं राजकारण तुमच्या गैरहजेरीत थांबणार नाही. शासनाच्या ४ जुलै २०१९च्या निर्देशांप्रमाणे त्या विशेष सभेला एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश हजेरी लागते, निर्णयाला एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती, आणि सभेचं व्हिडिओ चित्रण. बहुमत झाल्यावर उरलेल्यांनी अडून बसलं तर उच्च न्यायालय सहसा त्यांना साथ देत नाही. म्हणून विरोध किंवा अट जी असेल ती निर्णयापूर्वी, लेखी. निघण्याआधी घराचं चटई क्षेत्र स्वतःच्या माणसाकडून मोजून त्यावर तारीख टाकून घ्या, प्रत्येक खोलीचे फोटो काढा, माळ्यासकट. ‘नुसती हरकत नाही म्हणून सही करा’ असा कोरा किंवा अर्धवट भरलेला फॉर्म आला तर सही करू नका. मुलीला दिलेल्या अधिकारात पर्यायी जागेचा करार मुद्दाम वगळा, त्यावर सही यजमानांनीच करावी.

प्रवासाचं थोडक्यात, कारण ते तुमच्या मुलाला जास्त माहीत. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत आय-९४ या नोंदीवरच्या तारखेने ठरते, ती बहुधा सहा महिने. पोचल्यावर संकेतस्थळावर ती तारीख बघून परतीचं तिकीट तिच्या दहा दिवस अलीकडचं करा. विमा निघण्यापूर्वी घ्या आणि ‘आधीपासूनचे आजार’ हे कलम सोडून बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, म्हणजे तेवढं वाचाच. मधुमेह, रक्तदाब बहुतेक योजनांत वगळलेले किंवा कात्री लावलेले असतात. पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का तेही बघा. भारतातलं सिमकार्ड चालू ठेवा, रोमिंगवर निदान एसएमएस यायला हवा. बँकेचा, आधारचा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि बंद पडलेला नंबर न्यू जर्सीत बसून सुरू करता येत नाही. सरकारी निवृत्तिवेतन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, म्हणजे तुम्ही तिकडे असताना. न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाकडून तो मिळतो.

मतदानाचं तुम्ही विचारलंय, परदेशात सहा महिने गेल्याने नाव कटतं का? कटत नाही. तात्पुरत्या गैरहजेरीने सामान्य निवास संपत नाही, असं १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे. फॉर्म ६अ भरू नका. तो परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकांसाठी आहे, तो भरलात तर नको ते विचारत बसतील. ऑनलाइन किंवा टपालाने तिथून मत देता येत नाही, आणि ८५ वर्षांवरच्यांना घरी मतदानाची जी सोय आहे ती इथल्याच घरी. मुंबई महापालिकेचं मतदान फेब्रुवारी २०१७नंतर थेट जानेवारी २०२६मध्ये झालं, तेव्हा निवडणुकांच्या तारखा बघून तिकीट काढायचं म्हटलं तर कुणी कुठे जाणारच नाही. मतदार यादी पडताळणीला घरी माणूस येऊन कुलूप बघून जाऊ नये, एवढ्यासाठी शेजाऱ्यांना आणि मुलीला सांगून ठेवा.

शेवटचं एक कागदी काम, पंधरा मिनिटांचं. वैद्यकीय इच्छापत्र: असाध्य अवस्थेत नळ्या-व्हेंटिलेटर कुठवर, हे लिहून ठेवणारा दस्त. २०२३च्या सुधारणेनंतर तो दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतो. निर्णय कोण सांगेल त्या नातेवाइकाचं नाव त्यात घाला, तुमच्या बाबतीत मुलगी. तुम्ही अमेरिकेत असताना तो कागद तिथल्या रुग्णालयाला बांधील नसेल, म्हणून तिकडचाही वेगळा फॉर्म मुलाच्या मदतीने भरा.

हे सगळं ऑक्टोबरच्या आधी बसवायचं तर क्रम असा ठेवा: जुलैत भाडेपावती आणि गिरगावचं मीटर, ऑगस्टमध्ये सोसायटीचे दोन्ही अर्ज, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकाच दिवशी दोघांची मृत्युपत्रं आणि मुखत्यारपत्र, त्याच साक्षीदारांना घेऊन. त्या दोघांना दुपारी जेवायला थांबवा, सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात सर्व्हर बंद असण्याची शक्यता धरूनच वेळ घेतलेली बरी.